बत्तीस ठिपक्यांचा धुरा

पुढाऱ्यांचं एक बरं असतं. चित्र कितीही बिघडलं तरी ते मधोमध उभे असतात, त्यामुळे शेवटपर्यंत दिसत राहतात. कडेला बसलेला माणूस सगळ्यात आधी जातो. हे मी राजकारणावरून नाही, कंप्यूटरच्या मेमरीवरून शिकलो. आणि शिकताना अशी काही झिंग चढली होती की इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी खुर्चीच्या काठावर आलोय.

दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. घरी एक कंप्यूटर होता. चंद्रपूरहून एसटीत मांडीवर घेऊन, गोधडीत गुंडाळून आणलेला. त्यावर मी लिनक्स टाकलं होतं. ही ऑपरेटिंग सिस्टीम एका मासिकासोबत सीडीवर फुकट आली होती. तिच्या पोटात काय लिहिलंय ते उघडून वाचता येतं, आणि मोडून टाकायचं असेल तर मोडताही येतं. मी दुसऱ्या सोयीचा लाभ जास्त घेतला.

माझा एक मित्र बसस्टँडमागे व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवायचा. तालुक्यातल्या लग्नांत नवरा-नवरीनंतर सगळ्यात जास्त घाम तोच गाळायचा. त्याचे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, झाडीपट्टीतल्या नाटकांचे आर्गनवाले. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगावी मांडव पडतात आणि संगीत नाटकं लागतात. चाचांचा आर्गन आला नाही म्हणून सुरुवात अडलेली नाटकं मी पाहिली आहेत. नट आला नाही तर मात्र कोणी ना कोणी मिशी लावून उभा राहतो.

त्या वर्षी चाचांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. चाचांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर मुलाला एवढंच म्हणाले, "मले एकदा मी वाजवताना पाहाचं हाये."

यामागे एक जुनं भांडण होतं. चाचींचं म्हणणं, चाचा वाजवताना तोंड वेडंवाकडं करतात. लग्न झाल्यापासून त्यांचं हेच म्हणणं होतं. चाचा म्हणायचे, मी तोंड हलवतच नाही.

"मांडवात बायांच्या बाजूनं सारं दिसते," चाची सांगायच्या. "असं तोंड करते हा माणूस, जसं कोणी कारलं खाऊ घातलं."

"आर्गन वाजवणारा आर्गनकडे पाहाते," चाचा म्हणायचे. "माह्या तोंडाकडे पाहाचं कोणी सांगतलं तुले?"

"मंग कोणाच्या तोंडाकडे पाहू?" असं चाची विचारायच्या, आणि भांडण दुसऱ्या दिवसावर जायचं.

आता या वादाचा निकाल लावायला एकच पुरावा होता. मित्रानं काही वर्षांपूर्वी एका नाटकाच्या उद्घाटनाची कॅसेट काढली होती. उद्घाटक एक पुढारी. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं, आणि नांदी सुरू झाली तरी रंगमंचावरून खाली उतरले नाहीत. नांदी आपल्यालाच उद्देशून आहे असा त्यांचा समज झाला असावा. हात जोडून, डोळे मिटून, गळ्यात हार घालून ते मधोमध उभे राहिले आणि कलाकार त्यांच्या आजूबाजूला जागा शोधत गायले. मित्राला ताकीद होती की हाराचं टोक चौकटीबाहेर जाता कामा नये. हार लांब होता. तो पुरता मावला तेव्हा चौकटीच्या उजव्या कडेला चाचा आले.

आले म्हणजे, टीव्हीवर त्यांचा फक्त आर्गन यायचा आणि त्यावर नाचणारी बोटं. माणूस नाही.

"बोटं माहीच हायेत," चाचा टीव्हीच्या काचेला नाक लावून म्हणाले. "पण मी कुठी हावो?"

मित्रानं मान खाली घातली. तालुक्यातल्या प्रत्येक वऱ्हाड्याला टिपणाऱ्या माणसाला स्वतःचा बाप कडेवर ठेवावा लागला होता.

मी तिथेच होतो आणि मला एकदम आठवलं की टीव्ही पूर्ण चित्र दाखवतच नाही. चारही बाजूंची थोडी थोडी कड काचेच्या चौकटीआड जाते, मुद्दामच तशी रचना असते. म्हणजे कॅसेटवर चाचा असू शकतात! टीव्ही त्यांना लपवतोय, एवढंच.

"कंप्यूटरवर पूर्ण चित्र दिसेल," मी म्हणालो.

"मास्तर, तुम्ही दाखवाल?" मित्रानं विचारलं.

मी हो म्हणालो. माझा उत्साह नेहमी माझ्या माहितीच्या दोन पावलं पुढे असतो.

घाई आणखी एका कारणानं होती. कॅसेटला बुरशी लागली होती. प्रत्येक वेळी चालवली की फितीवरचा थोडा भुगा निघायचा, व्हीसीआरचं हेड भरायचं आणि चित्रावर पांढऱ्या रेघा वाढायच्या. मित्र हेड स्पिरिटनं पुसून म्हणाला, "दोन-तीन वेळा चालन. मंग निस्ता बर्फ."

त्यानं नागपूरहून आणलेलं टीव्ही ट्यूनर कार्ड माझ्या कंप्यूटरात बसवलं. रविवारी सकाळी चाचा-चाची माझ्या घरी आले. व्हीसीआरची वायर जोडली, कॅसेट टाकली, मी बटण दाबलं.

पडद्यावर पुढारी उसवले गेले. दुसरा शब्द नाही. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांचे, झेंडूच्या हाराचे, मागच्या जांभळ्या पडद्याचे आडवे-तिरपे धागे झाले आणि सगळ्या पडद्यावर पसरले. मधूनच एक डोळा वाहत जात होता.

"हे नांदी हाये का भूकंप?" चाचींनी विचारलं.

मी कॅसेट थांबवली. दोन-तीनातली एक खेप गेली.

इथे थोडं सांगायला हवं. पडद्यावरचं चित्र हे आधी मेमरीत असतं. आणि मेमरीला लांबी असते, रुंदी नसते. ती एका मागे एक अशा घरांची सरळ रांग आहे, चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत एकाच रस्त्याला घरं असावीत तशी. त्या रांगेतून चौकोनी चित्र निघतं ते दोनच आकड्यांच्या जोरावर. चित्र कितव्या घरापासून सुरू होतं, हा पहिला. एक ओळ संपून पुढची ओळ किती घरांनंतर सुरू होते, हा दुसरा. ट्यूनर कार्ड कॅसेटवरचं चित्र सरळ त्या मेमरीत नेऊन टाकतं. ते कुठे टाकायचं हे त्याला ड्रायव्हर सांगतो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. दुभाष्यानं आकडा चुकीचा सांगितला की पुढाऱ्याचं सूत होतं.

माझा पडदा आठशे ठिपके रुंद होता. ड्रायव्हरमध्ये लिहिलं होतं की दर आठशे घरांनंतर नवी ओळ. यात चूक कुठे आहे ते मला दिसेना. आठशेचा पडदा, आठशेची ओळ. शंकेला जागाच नाही!

कॅसेट वाचवायची होती म्हणून मी आठवडाभर तिला हात लावला नाही. त्याऐवजी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक पांढरा ठिपका टाकायचा. सगळं बरोबर असतं तर डाव्या कडेला एक उभी रेघ आली असती. आली ती तिरपी ठिपक्यांची माळ. उजवीकडून डावीकडे उतरायची, डाव्या कडेला बुडायची आणि पुन्हा उजवीकडून निघायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं भिंग आणून मी ओळी मोजल्या. दर पंचविसाव्या ओळीला माळ जिथल्या तिथे परत येत होती. पंचवीस ओळींत आख्खी एक ओळ कमी पडते. आठशे भागिले पंचवीस, बत्तीस. दर ओळीमागे बत्तीस घरं कुठेतरी जात होती. पडद्यावर नव्हती, चित्रात नव्हती, मग कुठे होती?

त्याच दिवसांत गावी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, निघाला. माझं घर धानाचं, मूलपासून जवळच. रोवण्याच्या दिवसांत मास्तर असो की कलेक्टर, घरच्या माणसानं चिखलात उतरावंच लागतं. मी वाकून धानाचे पऱ्हे लावत होतो, पण डोक्यात बत्तीस. ओळ लावत लावत बांधीच्या टोकाला आलो. बांधी म्हणजे धानाचा एक चौकोन, भोवती मातीचा बांध, म्हणजे धुरा. मी धुऱ्यावर चढलो, पलीकडच्या बांधीत पाय टाकला आणि पुन्हा ओळ सुरू केली. मग मागे वळून पाहिलं. धुऱ्यावर तूर लावलेली होती. दोन बांधींच्या मधे एवढा पट्टा, ज्यावर धानाची एक काडी नाही. बांधीत किती धान लागलं असं कोणी विचारलं तर धुरा कोणी धरत नाही. पण पलीकडे जायचं तर तो ओलांडावा लागतोच!

कार्डाच्या मेमरीतही धुरा होता. पडद्याची ओळ आठशेची, पण कार्ड सोयीसाठी ती आठशे बत्तीसवर संपवत होतं. शेवटची बत्तीस घरं पडद्यावर कधीच दिसत नाहीत. ती फक्त ओलांडायची असतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्या शहाण्यानं धान मोजलं होतं, धुरा मोजला नव्हता.

मी हातातली रोपांची पेंडी तिथेच टाकली.

"कुठी चालला गा?" मोठ्या भावानं बांधीतून ओरडून विचारलं.

"टीव्ही सरळ कराले!"

"इथी रोवणा तिरपा चालला, अन् हा टीव्ही सरळ करून राह्यला," भाऊ रोवणाऱ्या बायांकडे पाहून म्हणाला. बाया हसल्या. मी चिखलाच्या पायांनी एसटीत चढलो. कंडक्टरनं पायांकडे पाहिलं आणि तिकीट जरा लांबूनच दिलं.

घरी येऊन ड्रायव्हर उघडला. आणि आता उत्साहाच्या भरात मी एक काम केलं जे फक्त धानाच्या गावचा माणूसच करील. ओळीची लांबी आठशे बत्तीस केली, ते बरोबर. पण बांधीला धुरा एकाच बाजूला कसा असेल? अलीकडेही असणारच. म्हणून पहिली ओळ सुरू व्हायच्या आधीही मी बत्तीस घरं सोडली. इतक्या सहज सोडली की आपण काही ठरवलं हेही मला जाणवलं नाही. ठिपक्यांचा प्रोग्राम चालवला. उभी, सरळ, एकटाकी रेघ! ती डाव्या कडेला असायला हवी होती, थोडी आत होती. पण मी मोजलं नाही. बायकोला हाका मारत सुटलो. तिनं रेघ पाहिली, माझ्या पायांचा चिखल पाहिला आणि म्हणाली, "हे सरळ आहे, कळलं. आता मोरीत जा."

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमले. चाचा कंप्यूटरच्या अगदी समोर, चाची दारात, कारण जवळून पाहिलं की त्यांना चक्कर यायची. मित्रानं हेड पुसलं, कॅसेट फुंकली, आत सारली.

पुढारी उभे राहिले! हात जोडून, डोळे मिटून, हारासकट. धागे नाहीत, भूकंप नाही. मित्रानं मला खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"वा मास्तर! मानलं तुमाले!"

"अब्बा कुठी हायेत?" असं मग त्यानंच विचारलं.

सगळे उजव्या कडेला वाकलो. कडेला मांडवाचा एक खांब होता. आर्गन नव्हता. बोटंही नव्हती. आणि डाव्या कडेला एक अरुंद, उभा पट्टा, त्यात रंगीबेरंगी कचरा.

"टीव्हीवर निदान बोटं तरी होती," मित्र म्हणाला. "तुमच्या कंप्यूटरनं तेही खाल्ले."

नांदीचा आवाज स्पष्ट येत होता. आर्गन सुरात, जोरात वाजत होता आणि वाजवणारा कुठेच नव्हता. चाचा थोडा वेळ तसेच पाहत राहिले, मग मागे टेकले.

"राहू दे बाबू," ते मला म्हणाले. "नसन आला तेवढ्यात. हार मोठा होता."

तेवढ्यात चित्रावर बर्फ पडायला लागला. मित्रानं घाईनं कॅसेट काढली. फितीच्या कडेला करडा भुगा दिसत होता. त्यानं ती नाकाशी नेऊन हुंगली, डॉक्टर नाडी बघतात तशी.

"आता एक खेप," तो म्हणाला. "ते बी नशीब असन तर."

मी त्या कचऱ्याच्या पट्ट्याकडे पाहत होतो. कॅसेट थांबल्यावरही तो पडद्यावर तसाच होता, कारण त्या घरांत कोणी काही लिहिलंच नव्हतं. कोणतं तरी जुनं चित्र तिथे शिळं होऊन पडलं होतं. मी माउसचा बाण एकेक ठिपका पुढे नेत त्याची रुंदी मोजली.

बत्तीस.

 डावीकडे बत्तीस ठिपके रिकामे, म्हणजे सगळं चित्र बत्तीस ठिपके उजवीकडे सरकलेलं. म्हणजे उजव्या कडेचे बत्तीस ठिपके पडद्याच्या पलीकडे गेलेले. पलीकडे काय आहे? धुरा!

"चाचा धुऱ्यावर बसले आहेत!" मी ओरडलो.

चाचींनी दाराबाहेर अंगणात पाहिलं. चाचा खुर्चीतच होते.

"मेमरीत! चित्र आलंय, पूर्ण आलंय. पण त्यांना मी धुऱ्यावर नेऊन बसवलंय, आणि तिथलं पडद्यावर दिसत नाही. अलीकडे धुरा नाहीच! एकाच बाजूला आहे! मीच एक जास्तीचा घातला!"

"मास्तर," मित्र हळूच म्हणाला, "पाणी आणू का?"

मी काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो. सुरुवातीचा आकडा पुसून तिथे शून्य लिहिलं. ड्रायव्हर पुन्हा तयार करायला त्या कंप्यूटरला भरपूर वेळ लागायचा. तेवढ्यात वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. त्या दिवसांत दुपारी वीज जायचीच. चाची दारातून रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीकडे कान देऊन बसल्या. "चालू हाये," त्या मधून मधून सांगायच्या. "चालू हाये." मित्र हेड पुसत होता. पुसून झालं होतं तरी पुसत होता. चाचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं काचा घासल्या, लावला, पुन्हा काढला.

ठिपक्यांची रेघ आधी चालवली. यावेळी ती डाव्या कडेला चिकटूनच आली. मग कॅसेट.

बर्फ. पांढऱ्या रेघा. मग पुढारी, हार, जांभळा पडदा. गाणाऱ्यांचे सूर. मी उजवीकडे पाहिलं. खांब सरकून आत आला होता. खांबाच्या पलीकडे आर्गन, आर्गनवर बोटं, बोटांच्या मागे हात, हातांच्या मागे, पडद्याच्या अगदी शेवटच्या काठावर, काळी टोपी घातलेला एक माणूस, आताच्यापेक्षा जरा तरुण. ओळखू येत होता. चाचा!

 चाचांनी नाक काचेला टेकवलं. एक डोळा मिटला, दुसऱ्यानं पाहू लागले. पुढारी मधोमध भक्तिभावानं उभे होते आणि त्या खोलीत त्यांच्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. एवढा मोठा हार फुकट गेला.

कडेवरचा माणूस वाजवत होता. भुवया वर चढलेल्या, एक गाल ओढलेला, ओठ सारखे हलत होते. गाणारी बाई सूर लांबवायची तेव्हा याचाही जबडा हळूहळू उघडायचा. ती थांबली की तो मिटायचा.

"पाहा!" चाची दारातून थेट पडद्यापाशी आल्या. चक्कर विसरल्या. "पाहा, पाहा आपल्या डोळ्यानं! मी का सांगून राह्यली होती? कारलं!"

चाचा वळले नाहीत. "हे तोंड करणं नोहे."

"मंग का हाये?"

"मोजून राह्यलो. मात्रा मोजतो मी. ते लांबवते तर मले ध्यानात ठेवा लागते ना, कुठी सोडन ते."

"मोजाले गाल कायले ओढा लागते?"

"तुले मोजता येते का? मंग?"

चित्रावर पांढऱ्या रेघा दाटू लागल्या. मित्र व्हीसीआरवर हात ठेवून उभा होता, जणू हातानंच फीत ओढून नेणार होता. नांदी शेवटच्या ओळीवर आली. पडद्यावरच्या माणसानं मान वर केली आणि आर्गनवरून, खांबावरून, पुढाऱ्याच्या हारावरून पलीकडे कुठेतरी पाहिलं. क्षणभरच. ओठ मिटलेले, गाल सरळ. मग बर्फ पडला आणि गिरणीचा आवाजही त्याच वेळी बंद झाला. कंप्यूटर सुस्कारा टाकून विझला.

 मी धास्तावलो होतो, पण चाचा वळले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू नुकतीच कोणी त्यांच्या वाजवण्याला दाद दिली आहे.

"शेवटी मान वर केली होती मी," ते चाचींना म्हणाले. "पाहिलं का?"

"पाहिलं."

"तवा तोंड कसं होतं?"

"तवा बरं होतं," चाची म्हणाल्या. "तिकडं कुठी पाहून राह्यले होते पण?"

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"बायांच्या बाजूकडे," ते म्हणाले. "तू आली का नाई, ते पाहून राह्यलो होतो."

चाचींनी पदर सावरला. म्हणाल्या, "आली होती. अन् गाल ओढलाच होता."